तो घरातच होता

सोमवारी आणि शनिवारी आपण रोझरीची आनंदाची रहस्यं म्हणतो. त्यातलं पाचवं रहस्य म्हणजे बाळ येशू मंदिरात सापडतो ते. पण १५ सप्टेंबरला आपण दुःखी मातेचा सण पाळतो, तेव्हा मरियेच्या सात दुःखांतलं तिसरं दुःख म्हणून पुन्हा तीच घटना येते, बाळ येशू तीन दिवस हरवला होता ती. गोष्ट एकच आणि ख्रिस्तसभेने ती दोन माळांत ओवली आहे. इतकी वर्षं मुलांना शिकवूनही हे आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आम्ही पाचवं रहस्य सांगायचो आणि पुढच्या मण्यावर जायचो. हरवणं आणि सापडणं यांच्यामध्ये जे दिवस गेले, त्यांच्याबद्दल वर्गात आम्ही कधी बोललोच नाही.

आमच्या वाट्याला तीन दिवस आले नाहीत, अडीच तास आले. त्या अडीच तासांबद्दल लिहायचं आहे. लिहावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण यात आमची चूक आहे आणि ती लहान नाही. शेवटी ज्याची गोष्ट त्यालाच विचारलं. तो आता बारा वर्षांचा आहे. "लिहा," म्हणाला, "पण माझं नाव नको." म्हणून इथे त्याला नुसता धाकटा म्हणतो. तेव्हा तो नववीच्या वर्षात नव्हे, वयाच्या नवव्या वर्षात होता आणि पहिल्या कम्युनियनची तयारी करत होता.

आम्ही बेळगावात राहतो. घर जुनं, कौलारू, एकाला एक भिंती लागून असलेल्या गल्लीतलं. पुढे ओटा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परसात आड. स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागावर लाकडी माळा आहे. त्याच्यावर जुन्या पेट्या, नाताळच्या गोठ्याचं सामान, पाहुण्यांच्या गाद्या आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मिरच्यांची पोती. माळ्यावर चढायला शिडी लागते. त्या आठवड्यात ती शिडी शेजारच्यांनी घर शाकारायला नेली होती, पाऊस तोंडावर आला होता म्हणून. ही शिडी लक्षात ठेवा.

आम्ही दोघं नवरा-बायको पॅरिशमध्ये कम्युनियनच्या मुलांचा वर्ग घेतो. मे महिन्याच्या सुट्टीत तो रोज सकाळी भरतो. त्या शनिवारी मुलांकडून पश्चात्तापाची प्रार्थना पाठ म्हणवून घ्यायची होती. वीस-बावीस मुलं, एकेक उठून म्हणत होतं. धाकट्याची पाळी आली. दोन ओळी म्हटल्या आणि अडला. पुन्हा सुरुवात करून दिली, पुन्हा त्याच जागी अडला. आदल्या रात्री घरी त्याने ती एका दमात म्हटली होती. मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग चार-पाच जण हसले आणि आमच्या तोंडून निघालं, "दिव्याखाली अंधार! प्रार्थना येत नाही त्याला कम्युनियन नाही. तू आता पुढच्या वर्षी."

आमच्यापैकी कोण बोललं ते सांगत बसत नाही. एक बोललं आणि दुसरं गप्प राहिलं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर या दोन्हींत काही फरक नसतो.

खरं सांगायचं तर राग त्याच्या अडण्याचा नव्हताच. इतर मुलं अडली तेव्हा आम्ही हसून सांभाळून घेतलं होतं. धर्मशिक्षण देणाऱ्यांचा मुलगा अडला, तोही सगळ्यांसमोर, हे आम्हाला लागलं. लाज आमची होती. ती आम्ही त्याच्या डोक्यावर ठेवून दिली.

घरी आल्यावर तो काही बोलला नाही. जेवताना अर्धी भाकरी टाकून उठला. आम्हीही काही विचारलं नाही, म्हटलं जरा कळू दे. दुपारी आडवे झालो. सव्वाचारला चहा ठेवला आणि त्याला हाक मारली, तर उत्तर नाही.

पहिली पाच-दहा मिनिटं कुणाला काही वाटत नाही. रुसला असेल म्हणून आम्ही हाका मारल्या आणि त्या हाका कशा होत्या ते आठवलं की आज मान खाली जाते. "खेळ पुरे झाला, बाहेर ये!" मग "तीन म्हणेपर्यंत आला नाहीस तर बघ!" मग पाठ सोलून काढण्याची भाषा. खाटेखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, न्हाणीत पाहिलं. तेवढ्यात लक्ष गेलं की उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला नाहीत.

तिथे सगळं बदललं. चपला नाहीत म्हणजे तो बाहेर गेला. सायकल जाग्यावर होती, मित्र आपापल्या घरी होते, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला पाहिलेलं नव्हतं. दुपारी दीड ते चार या वेळात गल्ली निजलेली असते, कोण आलं कोण गेलं ते कुणाला दिसत नाही. पायांतलं बळ गेलं. आमच्यातलं एक चर्चकडे धावलं, एक रेल्वे फाटकाकडे. पुढच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या भाईंनी आपलं गिऱ्हाईक सोडून बसस्टँड आणि स्टेशन पालथं घातलं. समोरच्या अक्का एरवी आमच्याशी पाण्यावरून भांडतात, त्या अनवाणी कडकडीत उन्हात दोन्ही बाजूच्या घरांत विचारून आल्या. चर्चमध्ये मिस्त्रींनी वेदीमागची खोली, गायनवृंदाचा सज्जा, घंटेचा जिना, सगळं पाहिलं.

आणि मग कुणीतरी आडाचं नाव काढलं.

आडावर जाळी असते, पण पाणी काढायला ती बाजूला सरकवतात आणि त्या दिवशी ती सरकवलेली होती. शेजारच्या काकांनी गळ आणला. बादली आडात पडली की ती काढायला जो लोखंडी आकड्यांचा गळ सोडतात, तोच. तो दोराला बांधून त्यांनी पाण्यात सोडला आणि तळातून फिरवायला लागले. आम्ही काठावर उभे होतो. गळ एकदा कशाला तरी अडकला. वर ओढेपर्यंत जी काही क्षणं गेली त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही. वर आलं ते एक जुनं पोहऱ्याचं कडं होतं.

परत घरात आलो ते एकमेकांवर तुटून पडायलाच. तूच सकाळी बोललास. मग तू का गप्प बसलीस? तुझ्याच लाडाने. तुझ्याच धाकाने. थोरली मध्ये पडून रडत होती, तिचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

अक्कांनी ११२ ला फोन केला होता. दोन पोलीस मोटारसायकलवरून आले. त्यांच्यातल्या वयस्क हवालदाराने कन्नडमधून पहिला प्रश्न विचारला, "घरात नीट बघितलंत का?" आम्हाला त्याचा फार राग आला. पोरगं गेलं आहे, तासभर गाव धुंडाळतो आहोत आणि हा माणूस घरात बघा म्हणतो! तो मात्र शांतपणे आत गेला. दिवाणाची फळी उचलली. लोखंडी पेटी उघडली. वॉशिंग मशीनचं झाकण उघडून पाहिलं. स्वयंपाकघरात येऊन वर माळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे कसं चढायचं?" आम्हीच सांगितलं, "शिडी इथे नाही, शेजारी आहे. तो कसा चढेल?" हवालदार मागे वळला, वर्णन लिहून घ्यायला माजघरात बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण लोकांना हसायला वापरतो. त्या दिवशी कळसा आमच्या डोक्यापासून चार हातांवर होता आणि शोधणाऱ्या माणसाला आम्ही आमच्या तोंडाने परत फिरवलं होतं.

घरात एकच माणूस असं होतं जे शोधायला बाहेर पडलं नाही. आज्जी. "मी घर सोडत नाही. पोरगं परत आलं तर घरात कुणी पाहिजे," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. हातात रोझरी. वार शनिवार, त्यामुळे आनंदाची रहस्यं, आणि मे महिना मरियेचा, म्हणून संध्याकाळी आमच्याकडे वॉर्डातली माणसं रोझरीला यायचीच होती. ती एकेक येऊ लागली आणि ओट्यावर उभी राहिली. आत कुणी यावं की येऊ नये, असा प्रसंग.

साडेसहाच्या सुमाराला आज्जी मरियेच्या तसबिरीपुढे दिवा लावायला उठली. दिवा लावून परत बसली आणि रोझरी बाजूला ठेवून मोठ्याने बोलायला लागली. कुणाशी ते कळेना. आम्हाला वाटलं, म्हातारीच्या मनावर परिणाम झाला.

"ह्याच्या बापानं पण असंच केलं होतं," आज्जी म्हणत होती. "रेशनचे पैसे हरवले म्हणून गवताच्या गंजीत जाऊन बसला. सगळं गाव शोधत फिरलं. अंधार पडला तसा आपणच आला बाहेर, अंगभर खाजवत. मी काय मारलं होतं का? गूळ-भाकरी दिली. पैसे गेले तर गेले. पोरापेक्षा पैसे मोठे होते का? नव्हते. आणि प्रार्थनेचं काय घेऊन बसलात? मला अजून चुकते. अर्धी मराठीत म्हणते, अर्धी लहानपणीची कोकणीत म्हणते. देवाला दोन्ही कळतात."

थोडा वेळ शांत. आणि मग वरून एक शिंक आली.

मिरच्यांची पोती, सांगितलं नव्हतं का? रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, अशी वर्षाची मिरची वर होती, तिखट कुटायला न्यायची राहिली होती. शिंक आली तशी आज्जी सवयीने "येशू मरिया" म्हणाली. मग दुसरी शिंक, तिसरी, चौथी.

खिडकीचे गज, तिथून फडताळाची वरची फळी आणि तिथून माळा, असा तो चढला होता. जाताना चपला हातात घेऊन गेला होता, कारण खेळताना एकदा थोरलीने त्याला चपलांवरून शोधून काढलं होतं. शेजारून शिडी आली. तो उतरला तेव्हा नाक-डोळे लाल, केसांत जळमटं. आपण काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? छातीशी धरलं, पण आधी एक चापट बसली. अडीच तास देवाला नवस बोलणाऱ्या हातांनीच ती मारली. रिक्षावाले भाई दारातून ओरडले, "अहो, सापडलाय तो! मारताय काय?"

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आम्ही नंतर मुद्दाम शोधलं, तिथे चापट आहे का. नाही. वल्हांडणाचा सण आटोपून नासरेथला परतणाऱ्या ताफ्यात मुलगा असेल असं समजून मरिया आणि योसेफ दिवसभर चालले. मग नातेवाइकांत, ओळखीच्यांत शोधलं. तिथून परत यरुशलेम. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात, शिक्षकांमध्ये बसलेला सापडला. मरियेने त्याला असं का केलंस म्हणून विचारलं आणि आपण दोघं किती कासावीस झालो होतो ते सांगितलं. बस. त्यावर येशूने जे उत्तर दिलं ते त्यांना कळलंही नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. उत्तर न कळताही ती त्याला घेऊन घरी गेली आणि सगळं मनात जपून ठेवलं. आमच्यासारखी माणसं उत्तर कळेपर्यंत थांबत नाहीत आणि मनात जपत तर काहीच नाहीत.

त्या उत्तराचा एक अर्थ मात्र त्या संध्याकाळनंतर आम्हाला जवळचा वाटू लागला आहे. येशूला आश्चर्य वाटलं ते त्यांनी त्याला इतरत्र शोधल्याचं. त्याच्या हिशेबाने तो हरवलाच नव्हता. तो पित्याच्या घरात होता. आपला धाकटाही हरवला नव्हता. तो बापाच्या घरात, आईच्या स्वयंपाकघरावर होता. फरक इतकाच की येशू पित्याच्या घरात निर्धास्त बसला होता आणि आमचा मुलगा स्वतःच्या घरात लपून बसला होता.

रात्री उशिरा, सगळे गेल्यावर, तो हळूहळू बोलला. त्याने सगळं ऐकलं होतं. अगदी सगळं. पहिल्या हाका ऐकल्या. "मग का नाही आलास?" "तुम्ही मारणार म्हणत होता." बरं, नंतर? नंतर आम्ही भांडलो तेही त्याला ऐकू आलं, आपल्यामुळे भांडण लागलं म्हणून तो आणखी मागे सरकला. पोलीस आले तेव्हा वाटलं, आता पकडून नेणार. आणि आई रडायला लागली तेव्हा? त्याने जे सांगितलं ते ऐकून आम्ही गप्पच झालो. "तेव्हा यायचं होतं. पण आता इतका उशीर झाला होता की आलो असतो तर सगळे म्हणाले असते, इतका वेळ का बसलास?"

बंधुभगिनींनो, मोठ्यांच्या पापनिवेदनाचं याहून खरं वर्णन आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं पापनिवेदनाला जात नाहीत, ते देवावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पहिल्या वर्षी लाज वाटली. पुढे लाजेला उशिराची लाज येऊन मिळाली. आतून हाका ऐकू येत असतात, चर्चची घंटाही ऐकू येत असते. उतरायला शिडी नसते.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा झाडांच्या आड लपतात. देव त्यांना हाक मारून विचारतो, तू कुठे आहेस? लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना आम्हाला हा प्रश्न दरडावणीचा वाटत आला, कारण सांगणारे तशाच आवाजात सांगायचे. आम्हीही मुलांना तशाच आवाजात सांगितला, बोट रोखून. पण देवाला ठाऊक नाही म्हणून तो विचारत नाही. ठाऊक असूनही विचारतो, म्हणजे लपलेल्याला स्वतःहून बोलायला जागा देतो. फांद्या बाजूला सारून त्याने आदामाची मानगूट धरली असती तर कोण अडवणार होतं? शिक्षा पुढे होतेच, ती गोष्ट गुळमुळीत नाही. पण बागेतून बाहेर पाठवण्याआधी देव त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रं करून त्यांना नेसवतो. ज्या उघडेपणाच्या लाजेने ते लपले होते, ती आधी झाकतो. आता वर्गात आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा बोट खाली ठेवतो.

आणखी एक दाखला आहे, ज्याच्याकडे आम्ही धर्मशिक्षण देणारे फारसं बघत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवण्याच्या तीन गोष्टी आहेत. मेंढराच्या गोष्टीला चित्रं असतात, गाणी असतात, नाटुकलीत मेंढरू व्हायला मुलं भांडतात. उधळ्या पुत्रावर तर अख्खी तपसाधना होते. मधली, नाण्याची गोष्ट दोन वाक्यांत उरकते. एका बाईकडे दहा नाणी होती, एक हरवलं, तिने दिवा लावला, घर झाडलं, सापडलं, शेजारणींना बोलावलं. मेंढरू रानात हरवतं, मुलगा परदेशात. नाणं घरात हरवतं. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. दिवा लावावा लागतो, वाकावं लागतं, रोजच्याच जमिनीवर कोपरा न् कोपरा हात फिरवावा लागतो. आपल्या पॅरिशमधली किती मुलं अशी घरातल्या घरात हरवली आहेत! रविवारी मिस्सेला असतात, वर्गाच्या हजेरीत असतात, जेवायला समोर असतात. कुणी शोधत नाही, कारण कुणाला ती हरवलेली वाटत नाहीत.

थोडं व्यवहाराचंही सांगायला हवं, कारण सुट्टी आली की पालकसभेत आम्ही हे आता दरवर्षी सांगतो. लहान मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी पाहा. आड, हौद, जमिनीतली टाकी, न्हाणीतली मोठी बादलीसुद्धा. त्यानंतर झाकण असलेली प्रत्येक वस्तू उघडा: दिवाण, पेटी, वॉशिंग मशीन, अडगळीतला जुना फ्रिज, दारात उभी असलेली गाडी आणि तिची डिकी. अशा जागी मूल गंमत म्हणून शिरतं आणि झाकण आतून उघडत नाही, तिथे मिनिटं मोजावी लागतात. एक माणूस घरात राहूच द्या. आणि पोलिसांना कळवायला २४ तास थांबावं लागतं, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवून तपास सुरू करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावलं आहे. ११२ लावा, मुलांसाठीचा १०९८ लावा. मूल नंतर खाटेखाली झोपलेलं सापडलं तर हसं होईल ही भीती नको. आमचं झालं, त्याने काही बिघडलं नाही. त्या हवालदारांनी निघताना धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, माझाही असाच आहे.

आणि हाक मारताना धमकी मिसळू नका. हे मात्र कुठल्या पोलिसाने सांगितलेलं नाही, शिंकणाऱ्याने सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सेनंतर आम्ही धाकट्याला घेऊन फादरांकडे गेलो आणि आधी आमचं सांगितलं, वर्गात काय बोललो ते. फादरांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिलं, बोलले काही नाहीत. मग त्याला समोर बसवून विचारलं, "चूक झाली की काय करावंसं वाटतं रे?"

"लपावंसं."

"मग?"

तो विचार करून म्हणाला, "मग शिंक येते."

फादर इतके हसले की आतून स्वयंपाकी बाहेर आला. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, हा यंदाच्याच मुलांबरोबर कम्युनियन घेईल. प्रार्थनेचं त्यांनी विचारलंच नाही. त्याने ती पुढे पाठ केली, अजूनही त्याच जागी क्षणभर अडखळतो आणि मग पुढे जातो. वर्गात आता आम्ही कुणाला एकट्याला उभं करून पाठांतर घेत नाही. दोघा-तिघांचे गट करतो, एक अडला की दुसरा धरतो. पाठ व्हायला वेळ लागतो. एक-दोन पालकांनी तक्रार केली, आमच्या वेळी कशी छडी असायची म्हणून. असायची खरी.

धाकट्याची माफी आम्ही त्याच रात्री मागितली होती, दोघांनी, वेगवेगळी नव्हे, एकत्र. आईबापांनी मुलापुढे चुकलो म्हणणं आमच्या पिढीला जड जातं, शब्द जिभेवर फिरत नाहीत. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता उद्या काय भाजी करणार?" आम्ही त्याला माफी समजलो.

एक गोष्ट राहिलीच. आज्जीला ठाऊक होतं का?

दिवा लावायला उठली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर, माळ्याच्या बरोबर खाली, मिरच्यांचं पिवळं बी सांडलेलं होतं. आम्ही ते दुसऱ्या दिवशी झाडताना पाहिलं. तिने तेव्हाच पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर वर बघून हाक का नाही मारली, शिडी का नाही मागवली? गूळ-भाकरीची ती गोष्ट मोठमोठ्याने कुणाला सांगत होती? आणि त्या गोष्टीचंही एक आहे. आमच्यातल्या ज्याची ती गोष्ट, त्याला गंजीतून बाहेर आल्यावर खाल्लेला मार चांगला आठवतो. गूळ-भाकरी बिलकूल आठवत नाही.

आम्ही तिला दोन-तीनदा विचारलं. पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, दिव्यात तेल घालायचं आहे. तिसऱ्यांदा तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "ती मिरची कधी नेणार आहात कुटायला? पाऊस सुरू झाला की गिरणीवाला घेत नाही."